समोरची शेड

१९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा केला. तिथे जाहिरात देऊन तयार कारागीर मिळण्याची सोय नव्हती. माणसं घडवावी लागायची. शंभूराव जांभेकर इंजिनिअरिंग, ओतकाम, रसायनं आणि वेळ पडली तर औषधपाणीही बघायचे. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथेच इंजिनिअर झाले.

अशा माणसाला सगळं शिकवायला मालक घाबरत नाही, कारण शिकून तो जाणार कुठे? समोर दुसरा कारखानाच नाही. शिवाय राहायचं घरही कंपनीच्या वसाहतीत.

आता त्याच जिल्ह्यातल्या कुपवाड एमआयडीसीत या. इथे शेडला लागून शेड. साध्या लेथवरचा टर्नर ड्रॉइंग वाचायचा, टूलला धार लावायचा आणि मापही गाठायचा. सीएनसी मशीनवर हेच काम तुटलं: प्रोग्रामर प्रोग्राम लिहितो, सेटर टूल बसवून ऑफसेट देतो, ऑपरेटर जॉब लावतो आणि काढतो.

कामाची वाटणी केली की उत्पादन वाढतं, हे अ‍ॅडम स्मिथनं १७७६ मध्ये टाचण्यांच्या कारखान्यावरून दाखवलं. १८३२ मध्ये चार्ल्स बॅबेजनं (हो, गणकयंत्रवालाच) त्यातला पगाराचा हिशेब मांडला: अवघड तुकड्यापुरताच महाग कारागीर घ्या, बाकीचं काम स्वस्त हातांना द्या.

म्हणजे स्पेशलायझेशन दोन तऱ्हेचं असतं. सेटरचं कौशल्य खोल आहे आणि समोरच्या शेडमध्येही चालतं, म्हणून त्याला पगारावर बोलता येतं. ऑपरेटरचं काम लवकर शिकता येतं, म्हणून त्याची जागाही लवकर भरते. तो राबतो तेवढाच, पण बाजारात त्याचा शब्द हलका.

मग ऑपरेटरला सेटिंग का शिकवत नाहीत? कारण आता समोर शेड आहे. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकरनं १९६४ मध्ये हेच मांडलं: कुठेही चालणाऱ्या कौशल्यावर कंपनी स्वतःचा पैसा घालायला नाखूश असते. १९६१ चा अप्रेंटिस कायदा महत्त्वाचा ठरतो तो इथेच. ‘टर्नर’, ‘मोल्डर’ असं ट्रेडचं नाव असलेलं सर्टिफिकेट कंपनीचं नसतं, कामगाराचं असतं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनाही हे लागू आहे. कंपनीच्या घरगुती टूलमध्ये पाच वर्षं मुरलेला इंजिनिअर एसीत बसलेला ऑपरेटरच असू शकतो. पगारवाढ मागण्याआधी एकदा बघावं: आपल्याला येतं त्यातलं समोरच्या शेडमध्ये किती चालेल?