नि:शब्द टाइपरायटरची कथा



आमचें बिऱ्हाड गिरगांवांतल्या एका चाळींत होतें तेव्हांची गोष्ट. रात्रीं जेवणें आटोपल्यावर माझे वडील टाइपरायटर घेऊन बसत. कचेरीच्या पगारांत भागत नसे, म्हणून वकिलांचे मसुदे ते पानामागें ठरलेल्या दरानें उतरवून देत. मधली भिंत पातळ, आणि पलीकडच्या खोलींतला मुलगा मॅट्रिकला बसलेला. त्याच्या आईनें दोन रात्री सोसलें, तिसऱ्या रात्रीं ती दारांत येऊन म्हणाली, "भावजी, यंत्राचा आवाज जरा कमी नाहीं का व्हायचा?"

वडिलांनीं प्रथम लिहिण्याच्या कागदामागें दोन-तीन कोरे कागद आणखी घातले. आवाज उतरला, परंतु शेवटची कार्बनी प्रत वाचतां येईना, आणि वकिलांनीं पानें परत केलीं. मग त्यांनीं घोंगडीची चौघडी करून ती यंत्राखालीं सारली. अक्षर पूर्वींइतकेंच स्वच्छ उठूं लागलें, आणि भिंतीपलीकडून पुन्हा तक्रार आली नाहीं. या दोन उपायांत नेमका भेद काय, हें त्या वयांत मला कळलें नाहीं. पुढें टाइपरायटरचा इतिहास वाचूं लागलों तेव्हां दिसून आलें कीं, मोठमोठ्या कारागिरांची बुद्धि याच भेदाशीं झगडत आली आहे.

रेमिंग्टन कारखान्याचा पहिला टाइपरायटर अमेरिकेंत १८७४ सालीं विक्रीस आला. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत कचेऱ्यांतून हीं यंत्रें रांगेनें मांडलीं गेलीं आणि त्यांचा खडखडाट दिवसभर चालूं लागला. साध्या यंत्रांत कळ दाबली कीं अक्षरदांडी कमानीसारखी वळून रबरी रुळावर आदळते. हा आघातच कागदावर अक्षर उठवितो, तोच कानाला टोचतो, आणि काम पुरें झाल्याची खूण बोटाला देणाराही तोच. एकाच आघाताचीं हीं तीन कामें आहेत. रूळ मऊ घेतला तर आवाज कमी होतो, पण खालच्या प्रती पुसट निघतात; म्हणून पुष्कळ प्रती काढणारास कठीण रूळच घ्यावा लागे. वडिलांच्या कोऱ्या कागदांनीं नेमकें हेंच केलें होतें. त्यांनीं रूळ मऊ केला होता.

हा पेंच मुळापासून सोडविण्याचें ज्यानें मनावर घेतलें तो गृहस्थ म्हणजे वेलिंग्टन पार्कर किडर. जन्म १८५३, मृत्यु १९२४. अक्षरदांडी वळवून न मारतां सरळ रेषेंत पुढें सरकविणारें यंत्र त्यानें पूर्वींच बनविलें होतें. आतां त्यानें असा विचार केला कीं, अक्षर ठोकलेंच पाहिजे असें कोठें आहे? शिक्का आपण दाबूनही उठवितों! नि:शब्द टाइपरायटर बनविणारी कंपनी १९०९ सालीं कनेक्टिकट संस्थानांतील मिडलटाउन येथें निघाली. तिच्या यंत्रांत अक्षर वेगानें पुढें जाई, कागदाजवळ येतां येतां त्याचा वेग मंदावे, आणि शेवटीं एका लहानशा वजनाच्या रेट्यानें तें रिबिनीवर दाबलें जाई. टणत्काराच्या जागीं केवळ एक मंद धप्प असा आवाज उरला. १९२४ सालीं ही कंपनी रेमिंग्टनमध्यें विलीन झाली. पुढें रेमिंग्टननें याच तत्त्वावर हातीं नेण्याजोगीं लहान यंत्रेंही काढलीं, आणि प्रतिस्पर्धी अंडरवुडचेंही नि:शब्द यंत्र बाजारांत आलें.

असें असूनही साध्या यंत्रांची सद्दी संपली नाहीं. कारणें दोन. दाबून उठविलेल्या अक्षराचा जोर बेताचा असल्यानें कार्बनी प्रती कमी निघत, हें एक. दुसरें कारण बोटाचें आहे. ठोक्याचा शेवटचा भाग बोटाच्या हातून सुटून त्या वजनाकडे गेला. साध्या यंत्रावर मुरलेल्या बोटाला जें ठाम उत्तर मिळे तें येथें मिळेना. कळ चिखलांत रुतल्यासारखी वाटते, अशी तक्रार होऊं लागली. आणि येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. यंत्र विकत घेणारा कचेरीचा साहेब, आणि त्यावर आठ-आठ तास बसणारी व्यक्ति दुसरीच. शांतता साहेबाच्या कानाला लाभली. तिची किंमत मात्र टंकलेखकाच्या बोटांनीं दिली.

पुढें संगणक आला आणि आघाताचें मूळ कारणच नाहींसें झालें. कळफलकावर ना कागद, ना रूळ. विजेचा संकेत पोहोंचला कीं काम झालें. तेव्हां आवाज आपोआप संपावयास हवा होता. पण बोट उत्तर मागतच राहिलें. आय्. बी. एम्. कंपनीच्या रिचर्ड हंटर हॅरिस यानें १९७८ सालीं ज्या रचनेचें पेटंट मिळविलें तींत कळेखालची स्प्रिंग दाब वाढतां वाढतां एकदम वांकते. ती वांकल्याचें बोटाला जाणवतें व त्याच क्षणीं खट्ट असा आवाज होतो. १९८५ सालच्या त्यांच्या 'मॉडेल एम्' कळफलकाची ख्याति याच खटक्यामुळें झाली. हौशी लोकांनीं त्यावर एक मौजेचा उपाय काढला. दांत साफ करण्याच्या दोऱ्याचा तुकडा ते स्प्रिंगेच्या पोटांत घालतात. स्प्रिंगेचा मागें रेंगाळणारा झणत्कार थांबतो; तिचें वांकणें मात्र तसेंच राहतें.

जर्मनींतील चेरी कंपनीच्या १९८० नंतरच्या दशकांतील खटक्यांनीं ही गोष्ट अधिक स्पष्ट केली. त्यांची कळ सुमारें ४ मिलिमीटर खालीं जाते, परंतु अक्षर सुमारें २ मिलिमीटरवरच संगणकाला पोहोंचतें. म्हणजे तळाला आदळण्याचा धक्का, आणि कळ वर येतांना होणारी टकटक, यांतून बोटाला नवें कांहींच कळत नाहीं. हा निरुपयोगी आवाजच कमी करावा, हें तत्त्व हळूहळू रूढ झालें. ॲपलच्या १९९० सालच्या मोठ्या कळफलकांत अल्प्स कंपनीचे, रबरी गाद्या बसविलेले खटके होते. २०१६ च्या सुमारास चेरीनेंही दोन्ही टोकांना मऊ केलेले खटके बाजारांत आणले.

तात्पर्य, कळफलकाचे आवाज दोन जातींचे असतात. एक बोटाशीं बोलतो, दुसरा नुसताच टेबलाशीं. तंबोऱ्याच्या तारेचा नाद जसा भोपळा वाढवितो, तसा कळेचा धक्का टेबल वाढवितें आणि भिंतीपलीकडे पोहोंचवितें. म्हणून आरंभ नेहमीं खालून करावा. प्रथम कळफलकाखालीं जाड नमदा घालावा. मग लांब कळांखालच्या तारेला किंचित् वंगण लावावें, कारण सर्वांत कर्कश खुळखुळाट तिचाच असतो. त्यानंतर पेटीच्या पोकळींत स्पंजाचा पातळ थर बसवावा. एवढ्यानें भागलें नाहीं तरच कळांखालीं रबरी कडीं चढवावीं, आणि तींही पातळ. जाड कड्यांनीं कळ उथळ होते व किडरच्या यंत्रावरची तक्रार पुन्हा ऐकूं येते. मधला जो उठाव बोटाला जाणवतो, त्याला मात्र हात लावूं नये.

वडिलांना यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. शेजारणीची झोप आणि वकिलांची प्रत, दोहोंचेंही त्यांना देणें होतें. म्हणून एक उपाय फसल्यावर त्यांनीं दुसरा शोधला. आपल्याही घरांत रात्रीं कोणी लिहीत बसत असेल आणि शेजारच्या खोलींत कोणी निजलेलें असेल, तर आधीं घोंगडी घालून पाहावी.