गुणपत्रिका की प्रवेशपरीक्षा? इंदूरचा अनुभव

इंदूर शहरातील पोलोग्राउंड हे नाव ऐकून कोणास हिरवळ आणि दौडणारे घोडे आठवले, तर त्याची निराशाच व्हावयाची. आज तेथे कारखान्यांची वसाहत आहे, आणि पश्चिम मध्य प्रदेशास वीज पुरविणाऱ्या शासकीय कंपनीचे मुख्य कार्यालयही तेथेच आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रवेशाशी या वस्तीचा काय संबंध, असे कोणीही विचारील. परंतु 4 मे 2025 रोजी तो संबंध अकस्मात जुळून आला. त्या दुपारी ‘नीट’ ही अखिल भारतीय प्रवेशपरीक्षा चालू असताना इंदुरावर वादळ आले आणि अनेक केंद्रांतील दिवे गेले. तीन तासांत एकशे ऐंशी प्रश्न सोडवावयाचे. त्यांतील काही काळ मुलांनी अंधुक उजेडात काढला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेले. 30 जून रोजी एकल न्यायमूर्तींनी बाधित अर्जदारांची परीक्षा पुन्हा घ्यावी असा निर्णय दिला. जुलैत दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरविला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. सुमारे बावीस लाख मुलांच्या परीक्षेत काही थोड्यांसाठी निराळी मोजपट्टी कशी लावावयाची, ही अडचण खरीच होती. पण ज्या मुलाच्या वहीवर त्या दुपारी उजेड नव्हता, त्याच्या बारा वर्षांच्या शाळेचा हिशेब त्या एका दुपारीच का व्हावा, हा प्रश्न त्याहून जुना आहे. आणि त्याचे उत्तर शोधावयाचे तर इंदूरइतके सोयीचे गाव क्वचितच सापडेल.

इंदुरात वैद्यकशिक्षणास 1878 साली प्रारंभ झाला. पुढे किंग एडवर्ड मेडिकल स्कूल या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या संस्थेतून पदवीधर नव्हे, तर परवानाधारक डॉक्टर बाहेर पडत. अशा शाळांत सामान्यतः मॅट्रिकनंतर प्रवेश मिळे. 1946 साली भोर समितीने देशात एकाच दर्जाचा, पदवीधर डॉक्टर असावा अशी शिफारस केली. 1948 साली इंदुरात महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. शाळेचे महाविद्यालय झाले, तशी प्रवेशाची पायरीही वर गेली. इंटर सायन्सचे गुण आता महत्त्वाचे ठरले.

तथापि गुणांच्या जोडीस आणखी एक गोष्ट तोलली जात असे, ती म्हणजे विद्यार्थ्याचे गाव. मध्यभारताच्या रहिवाशांस अतिरिक्त शुल्क माफ होते. बाहेरच्यांस मात्र प्रतिवर्षी, राज्याने नामनिर्देशित केलेल्यांस 1300 आणि इतरांस 1500 रुपये भरावे लागत. 1952 साली प्रवेश घेतलेल्या दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने या नियमास आव्हान दिले. जोशी विरुद्ध मध्यभारत राज्य या नावाने तो खटला आजही कायद्याच्या पुस्तकांत आढळतो. 1955 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने राज्याची बाजू उचलून धरली. जन्मस्थान वेगळे आणि अधिवास वेगळा, आणि जे राज्य पैसा खर्च करते त्याने आपल्या रहिवाशांस झुकते माप दिल्यास तो अन्याय नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. न्यायमूर्ती जगन्नाथदास यांनी मात्र विरोधी मत नोंदविले. इंदूरच्या मराठी घराण्यांतील एक भाऊ छत्रीबागेत आणि दुसरा जळगावात, अशी स्थिती असे; दोघांच्या मुलांचे गुण सारखे असले तरी शुल्क सारखे नसे. अधिवासाचा हा वाद पुढे सत्तर वर्षे चालला. 29 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांतील रहिवासावर आधारलेले आरक्षण घटनाबाह्य ठरविले. पहिल्या पदवीच्या प्रवेशांत ते मर्यादित स्वरूपात अद्याप चालते.

गुणांची पद्धत मोडली ती वेगळ्याच कारणाने. 1956 साली नवे मध्य प्रदेश राज्य झाले, तेव्हा चार निरनिराळे प्रदेश एकत्र आले. सागरचे विद्यापीठ आधीचे होते. 1957 मध्ये उज्जैनचे विक्रम विद्यापीठ निघाले, 1964 मध्ये इंदूर, ग्वाल्हेर आणि रायपूर येथे विद्यापीठे झाली. एका विद्यापीठाचा परीक्षक सढळ हाताचा, दुसऱ्याचा कडक. मग सागरचे साठ गुण उज्जैनच्या साठांबरोबर कसे तोलावयाचे? तराजू दोन असले की वजनावर विश्वास राहत नाही. जेथे विद्यापीठे अनेक, तेथे स्पर्धापरीक्षा घ्यावी, असेच भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांतही पुढे नमूद होते. 1970 साली मध्य प्रदेशाने वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे मंडळ स्थापिले. 1981 मध्ये अभियांत्रिकीसाठी दुसरे झाले, आणि पुढल्या वर्षी दोन्ही मिळून व्यावसायिक परीक्षा मंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘व्यापम’, अस्तित्वात आले.

परीक्षा एकच झाली म्हणून वाद मिटले नाहीत. 1980 साली राज्यातील सहा वैद्यकीय महाविद्यालयांत 720 जागा होत्या. अनुसूचित जाती व जमातींच्या राखीव जागा किमान गुणांच्या अटीमुळे रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा शासनाने त्या उमेदवारांपुरती ती अटच काढून टाकली. उच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये तो पुन्हा वैध ठरविला. प्रवेशाचे गुण आणि पदवीचे गुण एकच नव्हेत, अंतिम परीक्षा सर्वांस सारखीच द्यावी लागते, हा मुद्दा त्या वादात फार मोलाचा होता. तो आजही बहुतेक चर्चांत विसरला जातो.

आणि मग आला 2013 चा जुलै. प्रवेशपरीक्षेच्या दिवशी इंदूर पोलिसांनी दुसऱ्यांच्या नावाने पेपर लिहावयास आलेले तोतये पकडले, आणि धागा ओढता ओढता सारे वस्त्रच उसवले. हुशार मुलास पैसे देऊन पुढे बसवावयाचे आणि धनिकाच्या मुलास त्याच्या मागे. या जोडीस ‘इंजिन-बोगी’ असे नाव होते. 2008 ते 2012 या काळातील 634 विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द झाले. त्यांतील पुष्कळांचे शिक्षण पूर्ण होत आले होते. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. एकांचे म्हणणे, यांनी पदवी घ्यावी, परंतु पाच वर्षे केवळ निर्वाहभत्त्यावर देशाची सेवा करावी. 2017 च्या फेब्रुवारीत तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही सवलत नाकारली. ज्या पद्धतीचे समर्थन निःपक्षपातीपणाच्या नावाने झाले होते, तिच्यात पैशास असा मार्ग सापडला होता.

त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ‘नीट’ रद्द केली होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्था गुणांखेरीज मुलाखतीस व सेवेच्या वृत्तीसही स्थान देत, आणि त्यांनी आपला हक्क मागितला होता. 2016 मध्ये तो निकाल मागे घेतला गेला, व पुढे सर्वांस एकच दार उरले.

मधला मार्ग कोणी शोधलाच नाही असे नव्हे. अभियांत्रिकीच्या केंद्रीय संस्थांनी 2013 ते 2016 या काळात प्रवेशपरीक्षेबरोबर बारावीच्या गुणांस चाळीस टक्के वजन दिले. परंतु निरनिराळ्या मंडळांचे गुण एका पातळीवर आणण्याचे गणित इतके किचकट झाले, की 2017 पासून ते सोडून द्यावे लागले. सागर आणि उज्जैन यांच्या साठ गुणांची ती जुनीच अडचण. इंदूरच्या गोविंदराम सेक्सरिया संस्थेत, जिचा आरंभ 1952 सालचा, आज प्रवेश होतात ते मुख्यतः अशाच राष्ट्रीय परीक्षेच्या क्रमांकावर.

वैद्यकीय प्रवेशासाठी बारावीत भौतिक, रसायन व जीवशास्त्र या विषयांत आवश्यक तेवढे गुण असले की पुरे. भाषांत केवळ उत्तीर्ण व्हावे लागते. कोणी चित्रकला घेतली, कोणी जादा गणित घेतले, तर त्याचे कष्ट कोणत्याही रकान्यात भरले जात नाहीत. शिकवणीवर्गांत दिवस काढणारी मुले शाळेत पटावर तेवढी असतात; वर्गातली बाके रिकामी, आणि हजेरीपट मात्र भरलेला.