फुप्फुस प्रत्यारोपणाची प्रतीक्षा : व्यायामाचे महत्त्व आणि मर्यादा

फुप्फुसे निकामी होत आलेल्या रुग्णाला घरातल्या घरात चार पावले चालल्यावरही धाप लागते. अशा रुग्णाला व्यायामाचा सल्ला दिला जातो, तेव्हा कुटुंबीयांना आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, प्रत्यारोपणाची तयारी करणाऱ्या रुग्णांसाठी देखरेखीखालील व्यायाम हा आज उपचारांचा आवश्यक भाग मानला जातो. या व्यायामाने आजारी फुप्फुसे बरी होत नाहीत. शरीराचा उर्वरित भाग, विशेषतः हृदय आणि पायांचे स्नायू, मोठ्या शस्त्रक्रियेला तोंड देण्याइतके सक्षम ठेवणे हा त्याचा हेतू असतो. शस्त्रक्रियेने फुप्फुसे बदलता येतात. मात्र प्रतीक्षेच्या काळात क्षीण झालेले स्नायू बदलता येत नाहीत.

पार्श्वभूमी

मानवी फुप्फुसाचे पहिले प्रत्यारोपण अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठात डॉ. जेम्स हार्डी यांनी जून १९६३ मध्ये केले. तो रुग्ण १८ दिवस जगला. त्यानंतरच्या दोन दशकांत जगभरात झालेले असे बहुतेक प्रयत्न अयशस्वी ठरले. कॅनडातील टोरांटो येथे डॉ. जोएल कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये केलेल्या प्रत्यारोपणानंतर रुग्ण सहा वर्षांहून अधिक काळ जगला आणि या उपचारपद्धतीला खऱ्या अर्थाने प्रारंभ झाला. १९८६ मध्ये याच गटाने दोन्ही फुप्फुसांचे प्रत्यारोपण यशस्वी केले.

भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये संमत झाला. चंदीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत २०१७ मध्ये फुप्फुस प्रत्यारोपण करण्यात आले. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नई येथे, कोविड-१९ मुळे फुप्फुसे निकामी झालेल्या रुग्णावर दोन्ही फुप्फुसांच्या प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. देशातील अवयववाटपाचा समन्वय नवी दिल्ली येथील राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटना करते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रे हे काम पाहतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने नोंदणीसाठी असलेली अधिवासाची अट आणि ६५ वर्षे वयाची मर्यादा काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. त्यामुळे रुग्णाला कोणत्याही राज्यात नोंदणी करण्याचा मार्ग खुला झाला.

नोंदणी झाल्यानंतरची प्रतीक्षा किती काळ चालेल, हे निश्चित सांगता येत नाही. दात्याचा रक्तगट आणि छातीचा आकार रुग्णाशी जुळावा लागतो. मेंदू मृत झालेल्या अनेक दात्यांची फुप्फुसे संसर्गामुळे किंवा इजेमुळे वापरण्यायोग्य राहत नाहीत. काही वेळा रुग्णाला रुग्णालयात बोलावले जाते आणि ऐनवेळी फुप्फुस अयोग्य ठरल्याने परत पाठवावे लागते. या अनिश्चित काळात शरीराची ताकद टिकवून ठेवणे हे रुग्णापुढील सर्वांत मोठे आव्हान असते.

धाप आणि अशक्तपणाचे दुष्टचक्र

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फुप्फुसांच्या गंभीर आजारात सक्तीची विश्रांती हाच सर्वमान्य सल्ला होता. १९५० च्या दशकात डॉ. अल्वन बराक यांनी प्राणवायूच्या साहाय्याने व्यायाम करण्याची कल्पना मांडली. पुढील दशकात अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. थॉमस पेटी यांनी सोबत नेता येणारा प्राणवायू आणि पुनर्वसनाचा कार्यक्रम यांची सांगड घातली.

या बदलामागील कारण स्नायूंच्या कार्यात आहे. धाप लागते म्हणून रुग्ण हालचाल टाळतो. हालचाल थांबल्याने मांडीचे व पिंढरीचे स्नायू बारीक होतात आणि प्राणवायू वापरण्याची त्यांची क्षमता घटते. असे स्नायू थोड्याशा श्रमातही लॅक्टिक आम्ल निर्माण करू लागतात. त्याची भरपाई करण्यासाठी शरीराला अधिक श्वास घ्यावा लागतो, धाप वाढते आणि रुग्ण आणखी स्वस्थ बसतो. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे, कमी झालेली भूक आणि वारंवार होणारा संसर्ग यांमुळे स्नायूंची झीज अधिक वेगाने होते. व्यायाम हे दुष्टचक्र स्नायूंच्या बाजूने तोडतो. फुप्फुसांची क्षमता तेवढीच राहूनही तेच अंतर कमी धाप लागून चालता येते, असा अनुभव त्यामुळे येतो.

पात्रतेशी असलेला संबंध

प्रत्यारोपणाचा निर्णय घेताना रुग्ण पुरेसा आजारी आहे काय, हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच तो शस्त्रक्रियेतून सावरण्याइतका सशक्त आहे काय, हाही प्रश्न महत्त्वाचा असतो. हृदय व फुप्फुस प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार, हालचालीची क्षमता अत्यंत मर्यादित असून शस्त्रक्रियेनंतर पुनर्वसनाची शक्यताही नसेल, तर असा रुग्ण प्रत्यारोपणास अपात्र ठरतो. अतिशय क्षीण रुग्णांमध्ये यादीतून नाव कमी होण्याचा किंवा प्रतीक्षेतच मृत्यू येण्याचा धोका अधिक असल्याचे अभ्यासांत आढळले आहे.

क्षमता मोजण्यासाठी सहा मिनिटे चालण्याची चाचणी सर्वत्र वापरली जाते. तिची प्रमाणित पद्धत अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००२ मध्ये प्रसिद्ध केली. ३० मीटर लांबीच्या सपाट मार्गिकेत रुग्ण स्वतःच्या गतीने फेऱ्या मारतो. थकल्यास थांबण्याची मुभा असते, परंतु घड्याळ चालू राहते. एकूण अंतर, प्राणवायूची पातळी, नाडीचे ठोके आणि धापेची तीव्रता यांची नोंद केली जाते. दोन चाचण्यांमध्ये सुमारे ३० मीटरचा फरक आढळल्यास तो अर्थपूर्ण मानला जातो. अमेरिकेत २००५ पासून फुप्फुसवाटपासाठी वापरल्या गेलेल्या गुणांकन पद्धतीतही या अंतराचा समावेश होता. याशिवाय खुर्चीवरून पाच वेळा उठून बसणे, चार मीटर चालण्याचा वेग आणि तोल सांभाळणे या साध्या चाचण्यांतूनही पायांच्या ताकदीचा अंदाज घेतला जातो.

टोरांटो येथील प्रत्यारोपण कार्यक्रमात प्रतीक्षेतील रुग्ण आठवड्यातून तीन वेळा पुनर्वसन केंद्रात व्यायाम करतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येईपर्यंत हा क्रम चालू ठेवतात. तेथील २०१३ मधील अभ्यासात, आजार वाढत असतानाही रुग्णांची चालण्याची क्षमता बहुतांशी टिकून राहिल्याचे दिसून आले. शस्त्रक्रियेपूर्वी अधिक अंतर चालू शकणाऱ्या रुग्णांचा रुग्णालयातील मुक्कामही तुलनेने कमी होता.

व्यायामाचे स्वरूप

कार्यक्रमाचा आराखडा श्वसनविकारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांनी चाचण्यांच्या आधारे ठरवावयाचा असतो. त्यात सामान्यतः पुढील घटक असतात.

चालणे किंवा सायकल : सपाट जागेवर, ट्रेडमिलवर किंवा स्थिर सायकलवर २० ते ३० मिनिटांचा व्यायाम हे उद्दिष्ट असते. आरंभी दोन-तीन मिनिटेच शक्य होत असतील, तर तेवढ्यापासून सुरुवात केली जाते. सलग व्यायाम न जमणाऱ्या रुग्णांना ३० सेकंद श्रम आणि ३० सेकंद विश्रांती अशा टप्प्यांनी व्यायाम दिला जातो. चाकांच्या वॉकरवर हात टेकून किंचित पुढे झुकून चालल्यास अनेकांना श्वास घेणे सोपे जाते.

स्नायूंची ताकद : आठवड्यातून दोन ते तीन दिवस हलकी वजने, रबरी पट्टे किंवा स्वतःच्या शरीराचे वजन वापरून व्यायाम केला जातो. प्रत्येक हालचाल ८ ते १२ वेळा केली जाते. खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि पायरी चढणे-उतरणे हे व्यायाम घरीही करता येतात. जोर लावताना श्वास सोडावा. तो रोखून धरू नये.

श्वासाचे तंत्र : नाकाने श्वास घेऊन, शीळ घालताना करतात तसा ओठांचा चंबू करून तो सावकाश सोडावा. श्वसनमार्ग अरुंद झालेल्या रुग्णांमध्ये श्वास पूर्ण बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास घेतला जातो आणि छातीत हवा साचत जाते. सावकाश श्वास सोडल्याने हे साचणे कमी होते.

श्रमाची मात्रा ठरविण्यासाठी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेली ० ते १० अंकांची मोजपट्टी वापरतात. धाप किंवा थकवा ४ ते ६ या दरम्यान राहावा, असे साधारणपणे सांगितले जाते. थोडी धाप लागणे हे व्यायामात अपेक्षितच असून, ती काही मिनिटांच्या विश्रांतीने ओसरली पाहिजे.

प्राणवायूचा वापर

व्यायामाच्या वेळी रक्तातील प्राणवायूची पातळी बहुतेक केंद्रांमध्ये ८८ टक्क्यांच्या वर राखली जाते. विश्रांतीच्या वेळी पुरेसा ठरणारा प्रवाह चालताना अपुरा पडू शकतो. म्हणून विश्रांतीसाठी आणि व्यायामासाठी वेगवेगळा प्रवाह डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. स्वतःच्या मनाने तो वाढवू नये. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचण्याची प्रवृत्ती असलेल्या रुग्णांना अतिरिक्त प्राणवायू धोकादायक ठरतो. बोटावर लावण्याचे पल्स ऑक्सिमीटर उपयुक्त असले, तरी नखांवरील रंग आणि गार पडलेली बोटे यांमुळे त्याचे आकडे चुकू शकतात. सावळ्या त्वचेच्या व्यक्तींमध्ये हे उपकरण प्रत्यक्षापेक्षा अधिक पातळी दाखवू शकते, याचीही जाणीव ठेवावी.

घरी कॉन्सन्ट्रेटर वापरणाऱ्यांनी वीज खंडित झाल्यास उपयोगी पडावा म्हणून भरलेला सिलिंडर जवळ ठेवावा. प्राणवायू चालू असताना गॅसची शेगडी, निरांजन, उदबत्ती आणि धूम्रपान यांपासून कटाक्षाने दूर राहावे.

आजारानुसार फरक

सीओपीडी या विकारात व्यायामापूर्वी श्वासनलिका रुंदावणारे औषध घेतल्यास लाभ होतो. फुप्फुसांच्या ऊती जाड व कडक होणाऱ्या फायब्रोसिसमध्ये प्राणवायूची पातळी अतिशय वेगाने खाली येते, त्यामुळे लहान टप्पे आणि अधिक प्रवाह आवश्यक ठरतो. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढलेल्या रुग्णांमध्ये भोवळ येण्याचा धोका असल्याने व्यायाम अनुभवी केंद्रातच सुरू करावा आणि जड वजने टाळावीत. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांनी एकमेकांपासून संसर्ग टाळण्यासाठी एकत्र व्यायाम करू नये. क्षयरोगानंतर श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या रुग्णांनी व्यायामापूर्वी कफ काढून टाकण्याची पद्धत शिकून घ्यावी. अत्यवस्थ होऊन एक्मो यंत्रावर असलेल्या निवडक रुग्णांनाही प्रशिक्षित पथकाच्या देखरेखीखाली उभे करून चालविले जाते, यावरून या तयारीला दिले जाणारे महत्त्व लक्षात येते.

व्यायाम केव्हा थांबवावा

छातीत दुखणे, भोवळ येणे, ठोके अनियमित होणे, ओठ निळसर पडणे, गोंधळल्यासारखे वाटणे किंवा विश्रांतीनंतरही धाप न ओसरणे, यांपैकी काहीही घडल्यास व्यायाम त्वरित थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. ताप, कफाचा रंग किंवा प्रमाण बदलणे, थुंकीतून रक्त पडणे अथवा पायांवर अचानक सूज येणे अशा वेळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम करू नये. हवेची गुणवत्ता वाईट असलेल्या दिवशी आणि कडक उन्हात घराबाहेर चालण्याऐवजी घरातच व्यायाम करावा.

आहार आणि मनोबल

आहाराची जोड नसेल, तर व्यायामाने स्नायू बळकट होण्याऐवजी झिजतात. पोट गच्च भरल्यास श्वासपटलाच्या हालचालीला अडथळा येतो; म्हणून थोडे थोडे आणि अनेक वेळा खावे. डाळी, दूध, दही, अंडी, मासे यांतून पुरेशी प्रथिने मिळावीत. वजन फार कमी किंवा फार अधिक असणे हेही प्रत्यारोपणातील जोखमीचे कारण आहे. वर उल्लेखिलेल्या २०२१ च्या मार्गदर्शनात १६ पेक्षा कमी आणि ३५ किंवा त्याहून अधिक बॉडी मास इंडेक्स हे मोठ्या जोखमीचे निकष सांगितले आहेत.

धाप लागण्याच्या भीतीने अनेक रुग्ण खोलीबाहेर पडणेही टाळतात. देखरेखीखाली धाप लागून ती पुन्हा ओसरते, हा अनुभव वारंवार आल्यावर ही भीती कमी होते. कुटुंबीयांनी प्रेमापोटी रुग्णाची सर्व कामे स्वतः करणे त्याच्या हिताचे नसते. अंघोळ, कपडे घालणे, जेवणाच्या जागेपर्यंत चालणे ही कामे सावकाश, पण त्याची त्याला करू द्यावीत.

शस्त्रक्रियेनंतर

प्रत्यारोपणानंतर रुग्णाला शक्य तितक्या लवकर बसविले, उभे केले आणि चालविले जाते. अतिदक्षता विभागातील दिवस, स्टेरॉइड आणि नवे फुप्फुस शरीराने नाकारू नये म्हणून द्यावी लागणारी औषधे यांमुळे स्नायू पुन्हा क्षीण होतात. नवी फुप्फुसे उत्तम काम करीत असतानाही अनेक रुग्णांची श्रमक्षमता सामान्य व्यक्तीपेक्षा कमी राहते आणि त्याचे प्रमुख कारण पायांचे स्नायू हेच असते. प्रतीक्षेच्या काळात टिकवून ठेवलेली ताकद येथे उपयोगी पडते. छातीचे हाड जुळेपर्यंत जड वस्तू उचलण्यास मनाई असते, तेव्हा हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठण्याचा सराव कामी येतो.

दात्याची उपलब्धता, रक्तगट किंवा प्रतीक्षेचा काळ रुग्णाच्या हाती नसतो. दररोज चाललेली काही मिनिटे मात्र त्याच्या हाती असतात. वरील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची असून, व्यायामाचा कोणताही कार्यक्रम उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावा.