प्लेगचा कायदा, करोनाचा नाका आणि माझ्या गोळ्या



एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या आणि त्यापायी शेजारच्या एका पोरावर पोलीस केस झाली. चूक माझी होती. घरात हे बोललोय, पण लिहून कधी काढलं नव्हतं. त्या निमित्तानं पुढची दोन वर्षं जे वाचत गेलो तेही सांगतो, कारण ज्या कायद्याखाली ती केस झाली तो आपल्याच मुंबई इलाख्यातल्या प्लेगमधून जन्मलेला आहे.

आमचं गाव गुंजी, तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव. रेल्वेनं बेळगावहून लोंढ्याकडं जाताना खानापूर सोडलं की पुढं आमचं स्टेशन लागतं. माऊलीदेवीच्या यात्रेला आलेल्यांना गाव ठाऊक असेल. मी बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, बदल्यांवर बदल्या घेत अधिकारी म्हणून निवृत्त झालो आणि परत गावात येऊन राहिलो.

२५ मार्चपासून टाळेबंदी लागली होती. माझी गोळी गावात मिळेना. शेजारचं पोरगं बावीस वर्षांचं, पोलीस भरतीची तयारी करणारं. रोज पहाटे धावायला जायचं. मी विचारलं, "बाळा, खानापूरला जाऊन येतोस काय?" लगेच तयार झालं. वर शहाणपणानं म्हणालं, "काका, डॉक्टरची चिठ्ठी द्या. वाटेत विचारतील." मी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा तुकडा दिला, चिठ्ठी दिली नाही. ती हरवली तर आता डॉक्टर कुठं गाठायचा, ही माझी भीती. ज्या माणसानं नोकरीभर कागद पाहिल्याशिवाय एक व्हाउचर पास केलं नाही, त्यानं दुसऱ्याच्या पोराला बिनकागदाचं रस्त्यावर पाठवलं.

एका नाक्यावर अडवलं. पाकिटाचा तुकडा बघून "असलं कुठंही सापडतंय" म्हणाले. पोटऱ्यांवर दोन काठ्या बसल्या, दुचाकी जप्त झाली आणि भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली गुन्हा नोंदला गेला. पोरगं उन्हातनं चालत घरी आलं. आल्या आल्या म्हणालं, "काका, गोळ्या न्हाई ओ मिळाल्या." त्या रात्री मला झोप लागली नाही. कागद कन्नडमधला. पोराला कन्नड शाळेपुरती येते, बापाला अक्षर लागत नाही. नोकरीत कामापुरती शिकलेली माझी कन्नड, तिच्या आधारानं मी तो वाचून दाखवला. त्यात "औषध" हा शब्द कुठंच नव्हता. पोरगं विनाकारण फिरत होतं, एवढंच.

आता जरा मागं जाऊ.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत सरकार हादरलं आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. केवढा कायदा? चार कलमांचा. पहिल्यात नाव. दुसऱ्यात सरकारला हवे ते नियम करण्याचा अधिकार. तिसऱ्यात, नियम मोडला तर कलम १८८ ची शिक्षा. आणि चौथ्यात, या कायद्याखाली सद्भावनेनं केलेल्या कृत्याबद्दल कुणावरही दावा चालणार नाही.

हे चौथं कलम वाचून माझ्यातला बँकवाला जागा झाला. आमच्याकडं १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा. त्याच्या कलम १३१ मध्ये चेक वसूल करणाऱ्या बँकेला असंच संरक्षण आहे, पण तिथं नुसती सद्भावना पुरत नाही. "सद्भावनेनं आणि निष्काळजीपणा न करता" असे शब्द आहेत. म्हणजे माझा हेतू शुद्ध होता हे सांगून कारकून सुटत नाही. काळजी घेतली होती, हेही त्याला दाखवावं लागतं. दुसऱ्याच्या चेकला हात लावणाऱ्यावर जेवढं बंधन, तेवढं दुसऱ्याच्या घरात शिरणाऱ्यावर १८९७ च्या कायद्यानं शब्दांत घातलं नाही.

पुढचं पुणं आपण शाळेत शिकलो. रँडसाहेब प्लेग कमिटीचे अध्यक्ष, मार्चपासून मे महिन्यापर्यंत गोऱ्या सोल्जरांची घरझडती, २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळीबार. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. चापेकर बंधूंना फाशी झाली. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लांबवत नाही. मला खिळवून ठेवलं ते त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यातल्या तीन वेगळ्या गोष्टींनी.

पहिली टिळकांची. २७ जुलैला राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. जामीन आधी नाकारला गेला. मग दिनशा दावर या बॅरिस्टरांनी पुन्हा अर्ज केला आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी ४ ऑगस्टला जामीन दिला. खटल्यासाठी कलकत्त्याहून पग नावाचे बॅरिस्टर आले. बंगालमधल्या लोकांनी खर्चासाठी वर्गणी काढली, त्यात रवींद्रनाथ टागोरांनीही हातभार लावला. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तीन हिंदी ज्यूरींनी निर्दोष. अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पण निदान बाजू मांडली गेली, ती नोंदली गेली आणि आज सव्वाशे वर्षांनी आपण ती वाचू शकतो. (हेच दावर पुढं न्यायमूर्ती झाले आणि १९०८ मध्ये त्यांनीच टिळकांना सहा वर्षांची शिक्षा दिली. काळाचा महिमा.)

दुसरी नातू बंधूंची. पुण्याचे सरदार. बाळासाहेब नातूंनी झडतीबद्दल कमिटीकडं तक्रारी केल्या होत्या. दोघा भावांना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली उचललं. आरोप नाही, खटला नाही, म्हणून वकिलाला बोलायला जागाच नाही.

तिसरी गोपाळ कृष्ण गोखल्यांची. ते तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारावर त्यांनी सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचं तिथं सांगितलं. मुंबईला परत आले तेव्हा सरकारनं पुरावा मागितला. पत्रं लिहिणारे नावानिशी पुढं यायला तयार नव्हते. गोखल्यांनी त्यांची नावं उघड केली नाहीत आणि स्वतः जाहीर माफी मागितली. त्यांना यासाठी फार बोलणी खावी लागली. पण मला वाटतं, अर्धा दोष सही न करणाऱ्यांचा होता. बँकेत तोंडी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी सांगायचो, "लिहून द्या, खाली सही करा." निम्मे लोक तिथूनच परत जायचे.

आमच्या घरातही प्लेगची एक गोष्ट आहे. आजी सांगायची. साथ आली की माणसं गाव सोडून शेतात खोपटी बांधून राहायची. घरावरची कौलं काढून ठेवायची, उन्हानं जागा शुद्ध व्हावी म्हणून. आमच्या पणजोबांच्या भावाला गाठ आली तेव्हा त्याला नेतील या भीतीनं घरच्यांनी गोठ्यात गवतामागं लपवलं. तो तिसऱ्या दिवशी गेला. आजी हे हळू आवाजात सांगायची, इतक्या वर्षांनीसुद्धा. आजार लपवणं हा तेव्हा गुन्हा होता. म्हणजे कायद्याच्या भाषेत माझं घराणं गुन्हेगारच. आणि खरं सांगायचं तर लपवणं चूकच होतं. त्यानं साथ पसरली असणार. पण त्यांना धाक ज्याचा होता तो रोगापेक्षा नेणाऱ्यांचा होता. त्यांच्या बाजूनं कुणी बोललं असतं तर त्यांनी लपवलं असतं का, कुणास ठाऊक.

आता परत २०२०.

मी खानापूरच्या एका वकिलांना फोन केला. नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही. कोर्टाचं काम जवळजवळ थांबलेलं, मोठ्या न्यायालयांत व्हिडिओवर फक्त तातडीची प्रकरणं. तरुण वकिलांची तर कमाईच बंद झाली होती. तुरुंगातल्या भेटी थांबल्या होत्या, त्यामुळं आत असलेल्याची वकीलपत्रावर सही आणायची कशी, हाही प्रश्न. आमचं पोरगं बाहेर होतं, हे नशीब.

त्या काळात सर्वोच्च न्यायालयानं दोन मोठ्या गोष्टी केल्या. २३ मार्चला तुरुंगातली गर्दी कमी करायला प्रत्येक राज्यानं समिती नेमावी, असा आदेश दिला. शेजारच्या महाराष्ट्रानं तेव्हा सुमारे ११,००० कैदी तात्पुरते सोडायचं जाहीर केलं. त्याच दिवशी दुसरा आदेश, १५ मार्चपासून दावे-अर्जांच्या मुदती वाढवल्याचा. मुदत म्हटलं की बँकवाल्याचे कान टवकारतात. कर्जाची तीन वर्षं उलटली आणि कागद नवा केला नाही तर पैसा बुडाला. पण इथं तिढा असा पडला की आरोपपत्र ६० किंवा ९० दिवसांत आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मग पोलिसांचीही ही मुदत वाढली का? १९ जूनला मदुराईकडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नाही वाढली. साथ आहे म्हणून माणसाला जास्त दिवस आत ठेवता येणार नाही. नातू बंधूंची गोष्ट वाचलेल्याला या निकालाची किंमत कळते.

वकीलसाहेबांनी आमचं प्रकरण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कलम १८८ ची दखल कोर्टानं घ्यायची तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ प्रमाणं संबंधित सरकारी नोकराची लेखी तक्रार लागते. नुसत्या पोलिसी आरोपपत्रावर भागत नाही. तो मुद्दा मी घेतो. पण पोरगं औषधालाच निघालं होतं, हे कोण सांगणार?"

मी म्हटलं, मी.

घरात वाद झाला. सौ. म्हणाली, "तुम्हालाच गुंतवतील. या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढणार का?" पोराच्या वडलांनीसुद्धा "राहू द्या साहेब, तुमचं नाव कशाला" म्हणून हात जोडले. मी चिठ्ठी काढली, औषधाची जुनी बिलं काढली आणि एक पानभर लिहिलं: औषध माझं, पाठवलं मी, चिठ्ठी त्यानं मागितली होती आणि मी दिली नाही. खाली सही, तारीख. आयुष्यात हजारो सह्या केल्या, हात त्या एकाच सहीला थरथरला.

पोलिसांची दुसरी बाजूही मी डोळ्यांनी पाहिली. माझ्या ओळखीतला एक हवालदार कित्येक दिवस घराच्या उंबऱ्याआत आला नाही. गोठ्यात झोपायचा, ताट अंगणात घ्यायचा, बारकी पोरगी लांबूनच हात हलवायची. निपाणीपुढं कोगनोळीच्या नाक्यावर तर दोन राज्यांची माणसं समोरासमोर. लेक कागलला, आई निपाणीला, आणि मध्ये पोलीस. नियम वरून आलेला, शिव्या खाणारा मात्र तो. त्यानं माणसं अडवली म्हणून काही जीव वाचले, हे मी नाकारणार नाही. पण काठी हा नियमाचा भाग नव्हता. कलम १८८ मध्ये शिक्षा होती, ती द्यायची तर कोर्टानं. रस्त्यावर आधीच दिली गेली तर कोर्टाला उरलं काय?

दुचाकी पावसाळ्याच्या तोंडावर सुटली. चेन गंजलेली, सीट फाटलेलं. केस २०२१ च्या अखेरीस बंद झाली, त्याच कलम १९५ च्या मुद्द्यावर. माझा कागद फायलीत तसाच राहिला, कुणी वाचलासुद्धा नसेल. पण मधल्या काळात भरतीचा अर्ज निघाला तेव्हा "आपल्यावर खटला प्रलंबित आहे का" या रकान्यात पोराला "होय" लिहावं लागलं. खोटं लिहायला मीच नको म्हटलं. ती संधी गेली. आता तो गोव्यात कारखान्यात कामाला आहे. गावी आला की अजून विचारतो, "काका, गोळ्या हाईत न्हवं?" मी चिठ्ठीच्या तीन झेरॉक्स काढून ठेवल्यात. एक त्याच्या पाकिटात असते.

मंडळी, साथ आली की कायद्याचा हात जड होतो. तो व्हावाही लागतो. अशा वेळी आरोपीसाठी वकील तर हवाच, पण त्याआधी "हो, हे मला ठाऊक आहे" असं लिहून खाली सही करणारा माणूस हवा. टिळकांना देशभरातनं माणसं मिळाली. गोखल्यांना ऐनवेळी मिळाली नाहीत. आमच्या गोठ्यातल्या त्या आजोबांना तर कुणीच नव्हतं.

तुमच्या घरात प्लेगच्या काळातली किंवा करोनातली अशी एखादी गोष्ट हळू आवाजात सांगितली जात असेल, तर लिहून काढा. सांगणारी पिढी झपाट्यानं चालली आहे.