लघुपटाचा संगीतकार : शोध आणि सहकार्य

लघुपटाच्या अंदाजपत्रकात संगीताचा क्रमांक बहुधा शेवटचा असतो. चित्रीकरण आणि संकलन यांतच पैसा व वेळ संपतो आणि महोत्सवाची मुदत तोंडावर आली की संगीतकाराची शोधाशोध सुरू होते. संहिता तयार होताच संगीतकाराशी बोलणे झाले, तर ही धावपळ टळतेच; शिवाय कोणत्या प्रसंगात संगीत नको, हेही चित्रीकरणापूर्वी ठरते.

शोध कोठे घ्यावा?

प्रस्थापित नावांच्या मागे लागण्याची गरज नाही. पुरुषोत्तम करंडक, फिरोदिया करंडक यांसारख्या स्पर्धांत मर्यादित वाद्यांतून वातावरण उभे करणारे तरुण दिसतात. पुण्याच्या 'एफटीआयआय'मध्ये ध्वनिविभागाच्या विद्यार्थ्यांशी परिचय करून घेता येतो. महोत्सवात आवडलेल्या लघुपटाची श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचावी. रंगभूमी आणि जाहिरात ही दोन्ही क्षेत्रे चित्रपटसंगीताला नवी नाही. भास्कर चंदावरकर यांनी 'घाशीराम कोतवाल' या नाटकाला संगीत दिले आणि चित्रपटांनाही. वनराज भाटिया जाहिरातींच्या जिंगल्स करत श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर' (१९७४) पर्यंत पोहोचले.

निवड करताना केवळ गाणी ऐकू नयेत. गाणे श्रोत्याचे लक्ष स्वतःकडे खेचते, तर पार्श्वसंगीताला संवादासाठी जागा सोडावी लागते. म्हणून एखादे दृश्य देऊन नमुना करून घ्यावा, आणि त्याचे मानधनही द्यावे.

चर्चा कशी करावी?

रागदारी किंवा स्वरलिपी येत नाही, याचा दिग्दर्शकाने संकोच बाळगू नये. 'येथे सतार हवी' असे सांगण्यापेक्षा 'या क्षणी मुलाला वडिलांचे खोटे कळते' हे सांगणे संगीतकाराला अधिक उपयोगी पडते. संकलन अंतिम झाल्यावर दोघांनी मिळून लघुपट पाहावा आणि प्रत्येक तुकडा कोठे सुरू होतो, कोठे संपतो व त्याचे प्रयोजन काय, याची वेळेसह यादी करावी. त्यानंतर दृश्यातून दोन सेकंद कापले, तरी पुढच्या सर्व जागा सरकतात.

संकलनाच्या वेळी तात्पुरते लावलेले संगीत हा मोठा सापळा आहे. स्टॅन्ली कुब्रिक यांनी '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) साठी ॲलेक्स नॉर्थ यांच्याकडून संगीत करून घेतले, अखेर चित्रपटात राहिल्या त्या तात्पुरत्या म्हणून वापरलेल्या अभिजात रचनाच. कान एकदा सवयीचा झाला की नवी रचना परकी वाटू लागते.

वेळ कमी असला तरी उत्तम काम होऊ शकते. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली' (१९५५) चे संगीत रविशंकर यांनी सुमारे अकरा तासांच्या एकाच बैठकीत ध्वनिमुद्रित केले. मात्र असे यश अपवादात्मकच असते. लघुपटासाठी तीन-चार आठवडे राखून ठेवावेत.

तांत्रिक बाबी

लघुपट सेकंदाला किती चौकटींचा, हे आधीच कळवावे. २४ चौकटींचा लघुपट २५ च्या वेगाने चालवला, तर दहा मिनिटांत २४ सेकंदांचा फरक पडतो. अंतिम संगीत ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह स्वरूपात घ्यावे. ताल, तंतुवाद्ये, गायन असे स्वतंत्र ट्रॅक मागितल्यास संवादाच्या आड येणारे एखादेच वाद्य मिश्रणात कमी करता येते.

करार

मैत्रीखातर झालेल्या कामालाही लेखी करार हवा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क-हस्तांतरणात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरताच धरला जातो. परदेशी महोत्सवाचे निमंत्रण आल्यावर हे लक्षात येणे महागात पडते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज अन्य वापराच्या स्वामित्वशुल्कातील समान वाटा संगीतकाराला सोडून देता येत नाही; तो फक्त वारस किंवा कॉपीराइट सोसायटीकडे जाऊ शकतो. वादक-गायकांची संमती, मानधनाचे हप्ते, दुरुस्त्यांची संख्या आणि श्रेयनामावलीतील उल्लेख यांचीही नोंद करावी.

मोठे मानधन देणे अनेक लघुपटकारांना शक्य नसते. पुरेसा वेळ, स्पष्ट अपेक्षा आणि न्याय्य करार या तीन गोष्टी मात्र प्रत्येकाला देता येतात. पुढच्या लघुपटाच्या वेळी तोच संगीतकार आपणहून उभा राहतो, तो त्यामुळेच.