प्रकाश, मेंदू आणि दुर्गाकुंडचे माकड

वाराणसीत दुर्गाकुंडाच्या मंदिरापाशी गेलात तर हातातली केळी सांभाळा. तिथल्या लाल तोंडाच्या माकडाला प्रयोगशाळेत ऱ्हीसस म्हणतात. मेंदूच्या संशोधनाचा बराच इतिहास याच जातीवर घडला आहे.

१. अडचण
१८७० मध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला सौम्य विद्युतप्रवाह देऊन त्याचे स्नायू हलवून दाखवले. पण वीज निवड करत नाही. टोकाजवळच्या सगळ्या प्रकारच्या चेतापेशी एकदम उत्तेजित होतात. एकच ट्रान्झिस्टर तपासायचा असताना अख्ख्या बोर्डाला व्होल्टेज द्यावे, तसेच हे. १९७९ मध्ये फ्रान्सिस क्रिक यांनी नेमकी हीच उणीव मांडली.

२. उत्तर
उत्तर मिळाले क्लॅमिडोमोनास या एकपेशीय शेवाळात. त्यातल्या चॅनेलऱ्होडॉप्सिन प्रथिनावर निळा प्रकाश पडला की आयनांचे दार उघडते. २००५ मध्ये बॉयडन, डायसेरॉथ आणि सहकाऱ्यांनी त्याचे जनुक उंदराच्या चेतापेशींत घातले. आता प्रकाश हाच स्विच झाला. या तंत्राला ऑप्टोजेनेटिक्स म्हणतात.

३. माकडापर्यंत
२००९ मध्ये श्वे हान, बॉयडन आणि सहकाऱ्यांनी विषाणूच्या मदतीने हे जनुक ऱ्हीससच्या मेंदूत पोहोचवले. पेशींनी प्रकाशाला साद दिली. पण प्रकाशाने वर्तन बदलल्याचे स्पष्ट पुरावे २०१२ मध्ये आले. त्या वर्षी दृष्टिकेंद्रावर प्रकाश टाकताच माकडाची नजर ठरावीक जागी वळली. उंदरांवरचे तंत्र माकडांत जमायला वेळ का लागला? माकडाचा मेंदू उंदराच्या मेंदूच्या सुमारे दोनशे पट मोठा असतो आणि निळा प्रकाश ऊतीत मिलिमीटरभरातच विखुरतो.

४. किंमत
पोलिओ लशीच्या काळात भारतातून ही माकडे मोठ्या संख्येने परदेशी जात. १९७८ मध्ये भारताने ती निर्यात बंद केली. दुसरीकडे, २०२१ मध्ये याच तंत्राने एका अंध रुग्णाला अंशतः दृष्टी परत मिळाल्याचे प्रसिद्ध झाले, आणि त्या उपचाराची आधीची चाचणी माकडांच्या डोळ्यांवरच झाली होती.

या दोन गोष्टी एकाच पानावर ठेवून वाचा. आपल्याकडे अशा प्रयोगाला आधी नैतिक समितीची परवानगी लागते. त्या समितीत तुम्ही असता, तर सही करण्याआधी कोणते तीन प्रश्न विचारले असते? उत्तरे वहीत लिहा; पुढच्या तासाला तिथूनच सुरुवात करू.