वर्गणीचे माप : गावच्या सेवा मंडळाचा ताळेबंद

बपेरा हे तुमसर तालुक्यातले, मध्यप्रदेशच्या सीमेजवळचे धानपट्ट्यातले गाव. तुकडोजी महाराजांनी 1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि पुढे विदर्भातल्या अशा गावोगावी गुरुदेव सेवा मंडळे रुजली. प्रार्थना, भजन, ग्रामसफाई या कामांना पैसा थोडा लागतो, पण दरसाल लागतो. म्हणून अशा मंडळाचा हिशोब एका वर्षाचा नव्हे, वीस वर्षांचा तपासावा.

जमा. जमेच्या बाजू तीन : वर्गणी, देणगी आणि गंज-ताडपत्रीचे भाडे. देणगी प्रसंगाने येते, भाडे लग्नसराईत. बारमाही भरवशाची फक्त वर्गणी.

खर्च. दिवाबत्ती, चहा, झाडू हा खर्च वहीत दिसतो. घसारा दिसत नाही. हार्मोनियमचा भाता रोज थोडा विरतो, ढोलकीची पुडी सैल पडते. वहीत त्याची ओळ नसते. एके दिवशी भाता फाटतो तेव्हा ‘अचानक खर्च आला’ म्हणतात. तो अचानक नसतो, साठत आलेला असतो.

माप. खरी गळती वर्गणीच्या मापात आहे. साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2004-05 मध्ये 560 रुपये, 2014-15 मध्ये 1360, तर 2024-25 मध्ये 2300 होता. समजा, घरटी वर्गणी या काळात 100 रुपयेच राहिली. तर 2004 साली घराने सुमारे 18 किलो धान दिले, 2014 साली 7.4 आणि 2024 साली 4.3. वहीतला आकडा तोच, मंडळाचे बळ मात्र चौथाईवर. लोकांची आस्था आटली असे आपण म्हणतो. आटलेले असते माप. पूर्वी खळ्यावर पायलीने धान देत, तेव्हा हे दुखणे नव्हते.

उपाय. वर्गणी धानात ठरवावी, त्या सालच्या भावाने रोख घ्यावी, तीही धान घरी आल्यावर, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेच्या सुमारास. भूमिहीन घराचे श्रमदान वर्गणीच्या बरोबरीने लिहावे. घसाऱ्याची रक्कम बँकेत वेगळी ठेवावी. नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला 1950 च्या कायद्याने दरवर्षी 31 मार्चला हिशोब मिटवावा लागतो. नोंदणी नसली तरी त्या दिवशी जमा-नावे प्रार्थनेनंतर मोठ्याने वाचावे. ज्याने पायलीभर दिले, त्याला त्या पायलीचे काय झाले हे ऐकण्याचा हक्क आहे. तो पाळला, तर पुढल्या साली पायली मागावी लागत नाही.